सवलत मिळाली, वाचन राहिलं

नववी-दहावीचं वर्ष उजाडलं की बऱ्याच घरांत एकच धावपळ सुरू होते: एलडीचं, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीचं प्रमाणपत्र. मुंबईत असाल तर सायन, नायर, केईएमसारख्या रुग्णालयांत तपासणीसाठी नंबर लावायचा, शाळेचं पत्र आणायचं, जुन्या वह्या आणि निकालपत्रकं गोळा करायची. प्रमाणपत्र हाती आलं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिक मिळतो, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापले जात नाहीत. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा सवलती आहेत. त्यांनी कितीतरी मुलांची दहावी तारली आहे, आणि त्या हव्यातच.

पण पहिलीपासून नववीपर्यंत त्या मुलाला वाचायला कोणी शिकवलं? सवलतीमुळे परीक्षेपुरता वाचनाचा भार हलका होतो, वाचन येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी खिशात ठेवून ताप उतरत नाही, औषध घ्यावं लागतं. इथे औषध म्हणजे ठरावीक पद्धतीने, रोजच्या रोज, जाणकार माणसाने घेतलेला वाचनाचा तास.

तो घेणारा माणूस म्हणजे विशेष शिक्षक, आणि गेली काही वर्षं हा शब्द बातम्यांत वारंवार येतो आहे. २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण घालून दिलं: प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या स्तरावर १५ मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये त्याच प्रकरणात न्यायालयाने राज्यांना पदं मंजूर करून भरती करायला पुन्हा बजावलं. पदांचं काय व्हायचं ते होईल. हा शिक्षक शाळेत येऊन नेमकं काय करतो, हे मात्र पालकांनाच काय, पुष्कळ मुख्याध्यापकांनाही नीट ठाऊक नसतं.

वाचन म्हणजे एका वेळी दोन कामं

बोलणं मूल ऐकून ऐकून शिकतं. वाचन तसं येत नाही, ते शिकवावं लागतं. छापलेल्या खुणांवरून ध्वनी उभे करायचे हे पहिलं काम. त्याला उकल म्हणू. उभ्या राहिलेल्या शब्दांचा अर्थ लावायचा हे दुसरं काम, ते भाषेच्या समजेवर चालतं. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली या दोन कामांचं नातं गुणाकाराचं असल्याचं मांडलं. बेरीज असती तर एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूने भरून निघाली असती. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्यच. गोष्ट ऐकताना डोळे विस्फारणारं, नेमके प्रश्न विचारणारं मूल तीच गोष्ट पुस्तकात समोर आली की गप्प होतं, ते यामुळे.

उकल नुसती येऊन भागत नाही, ती हातासरशी यावी लागते. नव्याने पोळ्या करणाऱ्याचं सगळं लक्ष लाटण्यात अडकतं आणि तव्यावरची पोळी करपते. सरावलेला हात लाटतो, भाजतो आणि बोलतोही. प्रत्येक अक्षराशी झगडणाऱ्या मुलाचा अर्थ असाच करपतो. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते.

ध्वनी आणि खुणा यांची सांगड घालण्यात मेंदूलाच मूळची अडचण असते, तिला डिस्लेक्सिया म्हणतात. बुद्धीशी तिचा संबंध नाही, आणि ती बऱ्याचदा घराण्यात चालत येते. व्याख्या कुठली धरता त्यावर आकडा बदलतो, पण साधारण शंभरात पाच ते दहा मुलांना कमी-अधिक प्रमाणात ती असते असं मानतात. म्हणजे चाळीसच्या वर्गात दोन ते चार मुलं. सरकारी कागदांत 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' असा व्यापक शब्द येतो. त्यात वाचनाबरोबर लेखन आणि गणितातल्या अडचणीही मोडतात. बोलीभाषेतलं 'एलडी' ते हेच.

'मराठी तर जशी बोलतो तशीच लिहितो'

हे बरंचसं खरं आहे. इंग्रजीतल्यासारखे एकाच अक्षराचे पाच उच्चार मराठीत नाहीत. पण मराठीचे स्वतःचे खाचखळगे आहेत, आणि अडणारी मुलं नेमकी तिथेच अडतात.

पहिला खळगा संख्येचा. ३६ अक्षरांची बाराखडी म्हटली तरी ४३२ आकृत्या होतात, जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास करून २००७ साली दाखवून दिलं की आपल्यासारख्या लिप्यांमधला हा अक्षरसंच पक्का व्हायला काही वर्षं लागतात, इंग्रजी मुळाक्षरांपेक्षा कितीतरी अधिक. पहिलीच्या दिवाळीपर्यंत बाराखडी झाली म्हणजे वाचन झालं, असं समजून वर्ग पुढे जातो आणि मूल मागेच राहतं.

दुसरा क्रमाचा. 'कि' उच्चारताना आधी क्, मग इ. डोळ्यांना मात्र आधी वेलांटी दिसते, मग क. 'दर्शन'मध्ये र् उच्चारायचा 'श'च्या आधी, तो बसलेला 'श'च्या डोक्यावर. शिवाय र ची सोंगं अनेक: प्रकाश, कृपा, ट्रक, सूर्य, दुसऱ्या. पाच शब्द, पाच रूपं.

तिसरा दिसण्याचा: भ-म, घ-ध, थ-य, प-ष, ब-व. चौथा न दिसणाऱ्या स्वराचा. 'बदक' तीन सुटी अक्षरं जोडून वाचलं तर 'ब-द-क', बोलताना मात्र शेवटचा 'अ' गळून 'बदक्' होतो. बहुतेक मुलं हे न सांगता उचलतात, पण अडणारं मूल तीन वेगळे आवाज काढतं आणि त्यातून ओळखीचा शब्द त्याच्या कानाला सापडतच नाही. आणि च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेतच. चहातला च वेगळा, चिमणीतला वेगळा.

म्हणून मराठीतला डिस्लेक्सिया बऱ्याचदा चुकांपेक्षा संथपणातून दिसतो. चौथी-पाचवीपर्यंत मूल कसंबसं बरोबर वाचू लागतं, पण गती येत नाही. त्यामुळे 'वाचतो की, जरा आळशी आहे' असं म्हणून ते मूल नजरेतून निसटतं.

सगळ्या अडखळणाऱ्यांना एकच औषध नाही

नीट वाचता न येणारं प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचं नसतं. विशेष शिक्षकाचं पहिलं काम म्हणजे ही निवड.

फळ्यावरचं दिसत नसेल किंवा कानात सतत पू येऊन ऐकू कमी येत असेल तर आधी तेच बघायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांमध्ये येतात, त्या तपासणीचा कागद फाईलला नुसता लावून ठेवायचा नाही, वाचायचा.

दुसरा गट शिकवणंच न मिळालेल्या मुलांचा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं मूल दिवाळीनंतर कारखान्याच्या फडावर जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततं. पहिली-दुसरीचे असे दोन हंगाम गेले तर ते वाचणार कसं? याच्या मेंदूत अडचण नाही, पाठ्यक्रमात भगदाड आहे. तिसरा गट घरी कोरकू, गोंडी, पावरी बोलणाऱ्या मुलांचा. हे मूल कदाचित उकल छान करेल, पण शब्दच परके असल्याने अर्थ लागणार नाही. त्याला आधी मराठी बोलायला, ऐकायला मिळायला हवं आणि सुरुवात त्याच्या भाषेच्या पुलावरून व्हायला हवी. त्याच्यावर एलडीचा शिक्का मारणं हा अन्याय आहे.

हे ओळखायचं कसं? सरळ कसोटी अशी: तीन-चार महिने नीट, नेमकं शिकवा आणि मूल किती वेगाने उचलतं ते बघा. शिकवणंच हुकलेलं मूल बहुधा भराभर भरून काढतं. डिस्लेक्सिया असलेलं मूलही पुढे सरकतं, पण इंचाइंचाने, आणि काल पक्कं वाटलेलं आज पुन्हा निसटतं.

चाळणीसाठी मराठीत साधन आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा चाचणीसंच २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आणला. त्यातली पहिली-दुसरीची आणि तिसरी ते पाचवीची चाळणी वर्गशिक्षक वापरू शकतात. चाळणीने निदान होत नाही, कुणाकडे आधी लक्ष द्यायचं ते कळतं.

एका वाक्यात दडलेली माहिती

तिसरीतल्या मुलासमोर हे वाक्य ठेवलं:

किरणने विहिरीजवळ बकरी बांधली, पण तिने दोर तोडला.

त्याने वाचलं: 'करणने… वि… विहि… विहिरीजवळ बकरा बांधला, पण त्याने दोर तोडला.'

वर्गात एवढंच नोंदलं जाईल: आठपैकी चार शब्द चुकले, वाचन कच्चं. विशेष शिक्षकाच्या कागदावर वेगळं उतरतं. चुकलेल्या चारही शब्दांत वेलांटी आहे. 'किरण'मधली ऱ्हस्व वेलांटी त्याने सोडून दिली. 'बकरी'तली दीर्घ वेलांटी त्याला काना वाटली, कारण उभी रेघ दोन्हींत सारखीच आहे, फरक फक्त वरच्या कमानीचा. 'विहिरीजवळ'मध्ये तीन वेलांट्या, तिथे तो सात-आठ सेकंद अडला. 'दोर' आणि 'तोडला' मात्र सहज वाचले, म्हणजे काना-मात्रा पक्की आहे.

आता 'बांधला' आणि 'त्याने' पाहा. बकरा म्हटल्यावर त्याने क्रियापद पुल्लिंगी केलं आणि पुढचं 'तिने' बदलून 'त्याने' केलं. छापलेलं वेगळं असूनही त्याच्या कानाला लिंग जुळवावंसं वाटलं! या मुलाची भाषा भक्कम आहे, अर्थाकडे त्याचं लक्ष आहे. त्याचा अडसर एकच, वेलांटी. 'कच्चं वाचन' म्हणून त्याला पुन्हा अ-आ-इ पासून बसवलं तर सहा महिने वाया जातील आणि येत असलेलं पुन्हा गिरवताना तो कंटाळून जाईल.

दुसऱ्या मुलीने हेच वाक्य बिनचूक वाचलं, पण एकेका अक्षरावर बोट ठेवून चाळीस सेकंदांत. तिला गती हवी. तिसऱ्याने खडाखडा वाचलं आणि 'दोर कुणी तोडला?' यावर 'किरणने' म्हणाला. त्याला उकलीचा तास देण्यात अर्थ नाही, त्याच्याशी गोष्टींवर बोलायला हवं. वाचनाची तपासणी म्हणजे हे. त्यासाठी साठ-सत्तर शब्दांचा अनोळखी उतारा, मुलाच्या हातात एक प्रत, शिक्षकाच्या हातात दुसरी आणि पेन्सिल, एवढं पुरतं. उतारा अनोळखीच हवा. पाठ्यपुस्तकातला धडा बरीच मुलं चित्र बघून तोंडपाठ म्हणतात.

चाळीस मिनिटांचा तास

त्या वेलांटीवाल्या मुलाचाच तास घेऊ. गटात तीन ते पाच मुलं, सगळ्यांची अडचण जवळपास सारखी. आठवड्यातून किमान चार दिवस.

पहिली पाच मिनिटं पुस्तक बंद. फक्त कान आणि तोंड. 'बकरी' म्हण. शेवटच्या 'री'च्या जागी 'रा' घाल. 'दिवा'तलं 'दि' काढ, काय उरलं? मग चिंचोके: 'कि' ऐकला की क् चा एक, इ चा एक, असे दोन चिंचोके पुढे सारायचे. अक्षर हा मराठी मुलांना जन्मजात कळल्यासारखा तुकडा आहे, पण अक्षराच्या आत दोन आवाज दडलेत हे अडणाऱ्या मुलाला ऐकूच येत नाही. ते ऐकू आल्याशिवाय वेलांटी ही त्याच्यासाठी नुसती नक्षी राहते.

पुढची पाच मिनिटं जुनी कार्डं. पंधरा-वीस. दोन सेकंदांत ओळखलं तर उजवीकडे, नाहीतर 'अजून कच्चं'च्या गठ्ठ्यात. बरोबर आलं पण वेळ लागला, तेही कच्चंच.

मग दहा मिनिटं नवं. एका ताटात रवा पसरून त्यावर बोटाने लिहायचं, आणि लिहिता लिहिता आवाज काढायचा. इथे एक चूक सर्रास होते. 'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि' ही घोकणी आपण सगळ्यांनी केली आहे, पण अडणारं मूल त्या ओळीतच अडकतं. 'कु' दिसला की मनात 'क, का, कि, की' असं पहिल्यापासून म्हणत ते 'कु'पर्यंत पोचतं. तोवर शब्द हातचा गेलेला असतो. म्हणून घोकणी बंद, क्रम मोडायचा: कि, का, की, कि, का. आकृती दिसली की थेट आवाज. वेलांटीचा एकच नियम द्यायचा: 'आधी अक्षर पकड, मग वेलांटी.' बोट अक्षरावर टेकवायचं, तिथून मागे वेलांटीकडे न्यायचं.

त्यानंतर आठेक मिनिटं शब्द. दिवा, चिमटा, मिरची, खिडकी, पिशवी. मधेमधे मुद्दाम अर्थ नसलेले शब्द पेरायचे: टिलप, मिगरा, किसोब. पालकांना हा प्रकार खुळचट वाटतो, पण त्याचं काम मोठं आहे. 'मिरची' मूल अंदाजाने म्हणू शकतं, 'मिगरा' म्हणायला अक्षरं वाचावीच लागतात.

सात मिनिटं श्रुतलेखन. पाच शब्द आणि एक वाक्य, याहून जास्त नको. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावायचा नाही. मूल दहाव्यांदा लिहितं तेव्हा पाहून नक्कल करतं, आवाज डोक्यात नसतो. त्याऐवजी शब्द पुन्हा बोलायचा, चिंचोके मांडायचे, कुठला आवाज लिहायचा राहिला ते त्यालाच शोधू द्यायचं.

उरलेली पाच मिनिटं उतारा. चाळीस-पन्नास शब्दांचा, शिकवून झालेल्या खुणांतूनच रचलेला. उतारा योग्य आहे का हे कळायला साधा हिशेब: वीस शब्दांत एक चूक चालेल. दोनपेक्षा जास्त झाल्या तर उतारा जड आहे, बदला. शुक्रवारी त्याच तोडीचा नवा उतारा घेऊन एक मिनिट घड्याळ लावायचं, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे आणि चौकटीच्या कागदावर ठिपका टाकायचा.

हा ठिपका फार मोलाचा. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या कार्यक्रमाच्या उद्दिष्टात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द धरले आहेत. तिसरीच्या सुरुवातीला १२ शब्दांवर असलेलं मूल महिन्याभरात तिथे पोचणार नाही. आठवड्याला एक-दीड शब्दाची वाढ ही चांगली वाढ आहे. सलग चार ठिपके सपाट राहिले तर शिकवण्यात बदल करायचा: गट लहान करा, नव्या खुणा कमी करा, एक पायरी मागे जा. मुलाला दोष देण्याआधी कागदाकडे बघायचं.

खुणांचा क्रमही ठरलेला असतो. वर्णमालेच्या ओळीने जायचं नाही. ज्यातून लगेच शब्द होतात ती अक्षरं आधी: म, क, ल, ब, र आणि काना. त्यांतून बाबा, काका, माल, कमल, बाक, कमाल उभे राहतात. दिसायला जुळी अक्षरं एकत्र शिकवायची नाहीत. म पक्का झाल्यावर, निदान दोन आठवड्यांनी भ. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी आणि गटागटाने: आधी उभी रेघ मोडणारी (स्त, ल्ल, न्य), मग रफार, मग ज्यांत मूळ अक्षर ओळखूच येत नाही ती द्य, द्ध, क्ष, ज्ञ.

कुठे बिनसतं

बहुतेक वेळा पद्धत चांगली असूनही घडी बसत नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत काम करणारे विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्राला जोडलेले असतात आणि एकाच्या वाट्याला बऱ्याच शाळा येतात. पंधरा दिवसांतून एकदा तास झाला तर मागचं सगळं पुसलेलं असतं. व्यायाम महिन्यातून दोनदा करून अंग बनत नाही, तसंच हे. अशा ठिकाणी मार्ग एकच: विशेष शिक्षकाने तपासणी करायची, आराखडा लिहून द्यायचा, आणि रोजचे वीस मिनिटं शाळेतल्याच एका शिक्षकाने किंवा शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकाने घ्यायचे. त्या माणसाचं नाव आणि वेळ वेळापत्रकात लिहिलेली हवी. 'जमेल तेव्हा घेऊ' म्हटलं की ते कधीच जमत नाही.

दुसरं, तास कुठला कापता? मुलाला खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला उठवून नेलं तर त्याला ज्यात यश मिळतं तेच हिसकावून घेता. मराठीचाही मूळ तास चुकवायचा नाही, विशेष तास वरचा जादा हवा. परिपाठानंतरचा किंवा स्वाध्यायाचा वेळ सोयीचा.

तिसरं, शिकवणी. खासगी क्लासमध्ये वर्गातलाच धडा पुन्हा, जरा मोठ्या आवाजात शिकवतात. वाचनाच्या मुळाशी असलेली अडचण त्याने हलत नाही. रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, 'मेंदूचे दोन्ही भाग जागवणारे' महागडे वर्ग यांनी डिस्लेक्सिया असलेलं मूल वाचू लागतं याला भक्कम पुरावा नाही. ते पैसे राखून ठेवा. आणि विशेष शिक्षक म्हणून कोणी नेमत असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, त्यात संकोच कसला?

'मोठा झाला की येईल आपोआप'

येत नाही. पहिली-दुसरीत मागे पडलेलं मूल कमी वाचतं, कमी वाचल्याने कमी शब्द भेटतात, त्यामुळे पुढचं वाचन आणखी जड होतं. चौथीनंतर इतिहास, भूगोल, विज्ञान सगळंच वाचूनच शिकायचं असतं, तेव्हा मराठीतली अडचण सगळ्या विषयांत झिरपते. पहिली-दुसरीत जे काम दिवसाला वीस-तीस मिनिटांत होतं, त्याला पाचवीत तास-तास लागतात.

इथे प्रमाणपत्राची एक गाठ समजून घ्यायला हवी. केंद्राच्या जानेवारी २०१८ च्या सूचनांमध्ये शाळेतली चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, आणि प्रमाणपत्रासाठी १४ व १८ व्या वर्षी फेरतपासणी असं म्हटलं होतं. वयाच्या आठव्या वर्षाआधी पक्कं निदान करायचं नाही हे शास्त्राला धरून आहे. पण त्याचा अर्थ शाळा असा लावतात की तोवर काही करायचंच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. त्याच कायद्याचं १६ वं कलम शिक्षणसंस्थांना सांगतं की ही अडचण लवकरात लवकर ओळखा आणि शिकवण्यात योग्य ते उपाय करा. वाचनाचा तास सुरू करायला कुठल्याही कायद्याने प्रमाणपत्र मागितलेलं नाही.

'मुलावर शिक्का बसेल ना?'

ही भीती खोटी नाही. पण वर्गात तो शिक्का आधीच बसलेला असतो, 'ढ', 'आळशी', 'लक्षच नाही' या शब्दांनी. मूल ते रोज ऐकतं आणि खरं मानतं. 'तुझी अक्षरं आणि आवाज यांची गाठ सैल आहे, ती आपण घट्ट करतोय' एवढं सांगितलं की मुलाच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. शिक्का टाळायचा असेल तर वर्गशिक्षकांच्या हातात बरंच आहे. अशा मुलाला ऐन वेळी उठवून मोठ्याने वाचायला लावू नका. परिच्छेद आदल्या दिवशी द्या, घरी तीनदा वाचून येऊ दे, मग वर्गात वाचू दे. विज्ञानाच्या पेपरात 'ऱ्हस्व-दीर्घ'चे गुण कापू नका. प्रश्न वाचून दाखवा आणि तोंडी उत्तर मान्य करा.

'जादा वेळ म्हणजे इतरांवर अन्याय'

केंद्राच्या ऑगस्ट २०१८ च्या सूचनांमध्ये लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं भरपाई वेळ द्यावा असं म्हटलं होतं. भूगोलाचा पेपर भूगोल येतो का ते बघायला असतो, वाचनाची गती बघायला नसतो. आणि ज्याला मोसमी वारे कळलेच नाहीत त्याला आणखी वीस मिनिटं दिली तरी ते कळणार नाहीत.

'इंग्रजी माध्यमामुळे झालं का? बदलू का?'

माध्यमाने डिस्लेक्सिया होत नाही आणि माध्यम बदलून जातही नाही. मात्र इंग्रजीचं स्पेलिंग बेभरवशाचं असल्याने तिथे तो लवकर आणि ठळक दिसतो. घरी मराठी बोलणाऱ्या, इंग्रजी शाळेतल्या मुलाची तपासणी दोन्ही भाषांत व्हायला हवी. ऐकून समजणं ज्या भाषेत पक्कं आहे, तिच्यात उकल शिकवणं सोपं जातं. बदलायचंच असेल तर मुलाचं बोलणं कुठल्या भाषेत फुलतं ते बघून ठरवा, शाळेच्या नावावरून नको.

नववीतल्या मुलाचं काय?

उशीर झाला आहे, पण वेळ गेलेली नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात 'बाबा, काका'ची पुस्तिका दिली तर तो ती दुसऱ्या दिवशी आणणार नाही. त्याच्यासाठी शब्द त्याच्याच पुस्तकांतून घ्यायचे. बहुतेकदा त्याची सुटी अक्षरं बरी असतात, रफार आणि जोडाक्षरं ढिली असतात, लांब शब्द दिसला की तो पहिली दोन अक्षरं वाचून उरलेलं ठोकून देतो. म्हणून लांब शब्द पेन्सिलीने कापायला शिकवायचं: गु-रु-त्वा-कर्-षण. 'कर्' कापताना रफार 'ष'च्या डोक्यावरून उतरवून मागे आणायचा, हे त्याला हाताने करू द्यायचं. मग प-र्जन्य नाही, पर्-जन्-य. रोज विज्ञानाचे पाच, भूगोलाचे पाच शब्द, आधी कापून, मग सलग, मग वाक्यात. आठवड्याला चार दिवस, तीस मिनिटं. प्रमाणपत्राचा अर्ज त्याच वेळी चालू ठेवावा, आणि मोठ्या उताऱ्यांसाठी फोनवर मजकूर वाचून दाखवणारी सोयही वापरावी. मात्र शब्द कापायचा तास तिच्यासाठी बंद करायचा नाही.